एकाच डिस्कवर दोन बिऱ्हाडं

माझं दांडिया बाजारात डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, वास्तुशांतीची कार्डं. मराठीत, गुजरातीत, कधी एकाच पत्रिकेत दोन्ही, कारण बडोद्यात सून मराठी आणि व्याही गुजराती हे काही नवीन नाही. कोरल (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) जुनं, फॉन्ट त्याहून जुने, आणि दोघांनाही विंडोज लागतं. लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा. तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून ठरवलं की विंडोज ठेवायचं, पण नेट न जोडता, फक्त कोरलपुरतं. मेल, व्हॉट्सॲप, बँक हे सगळं लिनक्स मिंट या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, त्याच डिस्कच्या वेगळ्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये.

मिंट इन्स्टॉल व्हायला अर्धा तास लागला. त्याला जागा करून द्यायला चार दिवस गेले. पुढे लिहितोय ते त्या चार दिवसांचं, आणि नंतर भाचीच्या नव्या लॅपटॉपवर गेलेल्या एका रविवारचं.

आधी दोन प्रती, मग कागद

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात. मी म्हणतो, दोन घ्या, आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा बहिणीच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. तिने लॅपटॉप माळ्यावर चढवला, पण बॅकअपची डिस्क कपाटाच्या खालच्या खणात राहिली. त्यात मुलांचे लहानपणचे फोटो होते. लॅपटॉप वाचला म्हणून फोटो वाचले, पण त्या दिवसापासून माझी एक प्रत दुकानात आणि एक घरी असते.

लॅपटॉप असला तरी चार्जर लावूनच काम करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा. आणि उत्तरायणाच्या दोन दिवसांत हे काम काढूच नका. मांजा तारांत अडकतो, लाइट जाते, आणि पार्टिशन सरकत असताना लाइट गेली तर निम्मा डेटा इकडे आणि निम्मा तिकडे अशी गत होते.

आता कागद घ्या. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खालची पट्टी जशी दिसते तशी कागदावर काढा: किती चौकोन, प्रत्येकाचा आकार, नाव, आणि ‘प्रायमरी’ लिहिलंय की आणखी काही. माझ्या चित्रात असं होतं: सिस्टिम रिझर्व्हड अर्धा जीबी, सी १५०, डी १५५, ई १६०. डिस्क ५०० जीबीची असून बेरीज ४६५ च्या आसपास येते, त्याने घाबरू नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. चोरी कोणी केलेली नाही.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी लिहा. डावीकडे ‘डिस्क ०’ लिहिलेल्या चौकोनावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे पार्टिशन स्टाइल एमबीआर आहे की जीपीटी ते दिसतं (डिस्कवरच्या भागांची यादी ठेवायची जुनी आणि नवी पद्धत). आणि विंडोजचं बटण दाबून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा, त्यात बायोस मोड (मशीन सुरू व्हायची पद्धत) लेगसी, म्हणजे जुना, आहे की यूईएफआय, म्हणजे नवा, ते बघा. या दोन शब्दांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. माझ्याकडे एमबीआर आणि लेगसी निघालं, म्हणजे जुनी जोडी.

चारच खोल्या

जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कचे जास्तीत जास्त चार प्रायमरी भाग पडतात. पाचवा पडत नाही. कारण अगदी साधं आहे: डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटांत, भागांची यादी ठेवायची सोय आहे आणि त्या यादीत चारच ओळी मावतात. जागा कितीही मोकळी असो, ओळ शिल्लक नसेल तर ती जागा कोणाच्या नावावर चढत नाही.

दोन वर्षांपूर्वी एसएसडी बसवून देणाऱ्या भाईने विंडोज टाकताना त्याच्या सवयीप्रमाणे सी, डी, ई केले. सिस्टिम रिझर्व्हड धरून चार. सगळे प्रायमरी. मी ई लहान करून ६० जीबी मोकळे केले आणि मिंटचा पेनड्राइव्ह लावला. इन्स्टॉलरने तो तुकडा दाखवला खरा, पण पुढे लिहिलं होतं ‘अनयूझेबल’. अधिकचं (+) बटण दाबलं तरी दाबलं जाईना. मी पेनड्राइव्ह पुन्हा बनवला, मिंट पुन्हा उतरवून घेतलं, एक अख्खी संध्याकाळ घालवली. दोष मिंटचा नव्हताच.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात एकदा पडलेलो आहे, या लॅपटॉपवर नाही, दुकानातल्या आधीच्या डेस्कटॉपवर. चार भाग भरलेले असताना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोकळ्या जागेवर नवा व्हॉल्यूम करायला गेलात तर एक पाटी येते: ही डिस्क डायनॅमिक करू का? पाटी लांबलचक असते, खाली ‘येस’ असतं, आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. मी येस केलं. पाचवा ड्राइव्ह मिळाला, मीही खूश. पण डायनॅमिक डिस्कचे भाग लिनक्सचे इन्स्टॉलर धडपणे वाचत नाहीत, आणि विंडोजकडून ती पुन्हा बेसिक करायची तर आधी सगळे व्हॉल्यूम उडवावे लागतात. सगळे म्हणजे सी सुद्धा. शेवटी डेटा बाहेर काढून विंडोज नव्याने टाकलं, आणि त्या दिवशीची मुंजीची ऑर्डर शेजारच्या प्रेसला दिली. त्या पाटीवर ‘नो’ म्हणा.

सुटका कशी करायची? दोन वाटा आहेत. पहिली अशी की एक प्रायमरी भाग रिकामा करून उडवायचा, त्या जागी एक्स्टेंडेड पार्टिशन करायचं आणि त्याच्या पोटात हवे तितके लॉजिकल भाग करायचे. लिनक्स लॉजिकल भागातूनही सुखाने बूट होतं, म्हणजे सुरू होतं. मशीन फारच जुनं असेल, यूईएफआय नसेलच, तर हीच वाट.

दुसरी वाट म्हणजे डिस्कच जीपीटी करून टाकायची. जीपीटीत विंडोज १२८ भागांपर्यंत सोय ठेवतं, म्हणजे हा प्रश्न जन्मापुरता मिटला. विंडोज १० मध्ये, १७०३ आवृत्तीपासून, यासाठी एक कमांड आहे: एमबीआर२जीपीटी. डेटा न पुसता डिस्क बदलते. पण तिच्या अटी आहेत आणि लोक तिथेच अडकतात. प्रायमरी भाग तीनपेक्षा जास्त नकोत, आणि एक्स्टेंडेड एकही नको. तिला स्वतःचा ईएफआय भाग (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायलींचा) मांडायचा असतो, त्यासाठी चौथी ओळ रिकामी लागते. म्हणजे पहिली वाट धरून एक्स्टेंडेड करून बसलात तर ही दुसरी वाट बंद होते. आधी ठरवा, मग हात घाला.

मी असं केलं. ई मधलं ९० जीबी काम दोन्ही बाहेरच्या डिस्कांवर नेलं, दोन-चार फायली उघडून बघितल्या (नुसती कॉपी झाली म्हणून विश्वास ठेवू नका, कोरलमध्ये उघडा), आणि ई उडवला. उरले तीन. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडला आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलं:

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस

ही नुसती तपासणी आहे, काही बदलत नाही. ती पास झाली की तीच ओळ ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ घालून. मिनिटाच्या आत काम झालं. इथे तुमचा आणखी एखादा चौकोन आडवा येऊ शकतो: विंडोजच्या एखाद्या अपडेटने सीच्या मागे अर्ध्या जीबीचा रिकव्हरी भाग केलेला असतो, तोही प्रायमरीतच मोजला जातो. कागदावर चित्र काढायला सांगितलं ते यासाठी.

कन्व्हर्ट झाल्यावर मशीन बंद करून लगेच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा (माझ्याकडे एफ२) आणि बूट मोड लेगसीचा यूईएफआय करा. हे विसरलात तर काळा पडदा आणि ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. त्यात बिघडलेलं काही नसतं, मशीन फक्त जुन्या दारावर टकटक करत असतं.

मोकळ्या १६० पैकी १०० चा ई पुन्हा केला, ६० मिंटसाठी तसेच सोडले. अनअलोकेटेड. त्यावर विंडोजमधून काही करू नका.

जागा आहे, पण सोडत नाही

भाची कलाभवनात शिकते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं ते कलाभवन आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, आणि दुकानापासून चालत गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचतो. तिचा लॅपटॉप नवा, विंडोज ११, जीपीटी, सगळं छान. एकच सी, ४७५ जीबी, त्यातले १२० वापरलेले.

“मामा, साडेतीनशे जीबी मोकळे आहेत आणि हा मला नऊच देतोय.”

भाग लहान करायच्या, म्हणजे श्रिंक व्हॉल्यूमच्या, चौकटीत खरंच नऊ हजार आठशे आणि काहीतरी एमबी दिसत होते. याचं कारण असं की विंडोज भागाच्या शेवटून जागा काढतं, आणि चालू विंडोजला हलवता न येणारी एखादी फाइल शेवटाजवळ बसलेली असेल तर कात्री तिथेच थांबते. रिकाम्या बसमध्ये मागच्या सीटवर एकच आजोबा बसलेले असावेत तसं. ते आजोबा बहुधा तिघांपैकी एक असतात: हायबरनेशनची (मशीन झोपवताना चालू काम साठवायची) फाइल, पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची), किंवा सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती. नेमकं कोण हे बघायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद शोधा, तिच्यात अडवणाऱ्या फाइलचं नाव असतं.

आम्ही नाव न शोधता तिघांनाही उठवलं. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. मग सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी, तिथे ‘नो पेजिंग फाइल’ निवडून सेट. मग सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट डिलीट. रिस्टार्ट. पुन्हा श्रिंक उघडलं तर आकडा दोन लाखांच्या वर.

चौकटीत भाचीने १०० टाकलं आणि एंटर मारलं. नवा चौकोन इतका बारीक आला की आधी आम्हाला दिसलाच नाही: ती पेटी एमबीत मोजते. १०० जीबी हवेत तर १०२४०० टाका. तो शंभर एमबीचा चतकोर सीला परत जोडला (एक्स्टेंड व्हॉल्यूम) आणि पुन्हा केलं. काम झाल्यावर पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन परत चालू करा. हायबरनेशन मात्र बंदच राहू द्या, त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं आणि ते आपल्याला हवंच आहे. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवून पडतं. मग लिनक्समधून डी उघडायला गेलात की तो उघडतच नाही किंवा नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही. पार्टिशन बिघडलं समजून लोक त्यावर फॉरमॅट मारतात. मारू नका. विंडोजमध्ये जाऊन ती एक पॉवरसीएफजीची कमांड द्या.

श्रिंक आणि कापाकापी नेहमी विंडोजच्या भागावर विंडोजकडूनच करून घ्या आणि लिनक्सच्या भागावर लिनक्सच्या जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅमकडून. ज्याचं घर त्याने भिंत हलवावी.

डिस्कच दिसत नाही

भाचीच्याच लॅपटॉपवर पुढची अडचण. मिंटचा पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर आला, आणि यादीत फक्त पेनड्राइव्ह. आत बसवलेली एसएसडी गायब. नव्या इंटेल लॅपटॉपांत डिस्क बऱ्याचदा आरएसटी किंवा व्हीएमडी नावाच्या पद्धतीत लावलेली असते. बायोसमध्ये जाऊन ती एएचसीआय, म्हणजे लिनक्सला कळणारी साधी पद्धत, करायची. पण सरळ जाऊन बदललीत तर विंडोज निळा पडदा दाखवून ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून बसतं. तसं झालंच तर घाबरू नका, बायोसमध्ये पहिल्यासारखं करा, विंडोज परत येतं. बदलायची रीत अशी: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूट, तिथे सेफ बूट आणि मिनिमल. रिस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठतं आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर आपणच लावून घेतं. मग एमएसकॉन्फिगमधली ती खूण काढून नेहमीसारखं सुरू करा. खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा, नुसता पिन पाठ असून भागेलच असं नाही.

आणि हे सगळं करण्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करायची सोय) चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपांत ते न विचारता चालू असतं. बायोसमध्ये खुडबुड केली की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला समजा. एन्क्रिप्शन बंद करा, पूर्ण उलगडेपर्यंत थांबा (भाचीच्या वेळी आम्ही मधे जाऊन सेव-उसळ खाऊन आलो), आणि तरीही ती की कागदावर उतरवून ठेवा. कागदावर म्हणजे त्याच लॅपटॉपमधल्या फाइलीत नव्हे.

देवडी दोघांची

आमच्या गल्लीत जुने वाडे होते तेव्हा वाटण्या मी जवळून बघितल्या आहेत. खोल्यांवरून फारसं कोणी भांडत नसे. भांडण व्हायचं ते देवडीवरून, कारण तिच्यातून सगळ्यांनाच जायचं असतं. जीपीटी डिस्कवर ही देवडी म्हणजे ईएफआय भाग. १०० एमबीचा, नाहीतर थोडा मोठा, फॅट३२ चा, आणि विंडोजमध्ये त्याला अक्षर नसतं म्हणून तो कोणाला बिनकामाचा वाटतो. विंडोज सुरू करणारी फाइल त्याच्यातच असते आणि लिनक्सचीही त्याच्यातच जाते.

तर मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडा. मोकळ्या जागेवर अधिकचं बटण, एक्स्ट४ (लिनक्सचा फॉरमॅट), माउंट पॉइंट नुसता स्लॅश. स्वॅपचा (लिनक्सच्या पेजफाइलचा) वेगळा भाग करायची गरज नाही, मिंट स्वतः फाइल करून घेतं. मग तो छोटा ईएफआय भाग निवडा आणि ‘यूझ ॲज’मध्ये ईएफआय सिस्टिम पार्टिशन आहे ना बघा. त्याच्यासमोर फॉरमॅटची चौकट असेल तर ती रिकामीच हवी. इन्स्टॉल नाऊ दाबल्यावर काय काय फॉरमॅट होणार याची यादी येते. ती मोठ्याने वाचा. यादीत फक्त तुमचा नवा एक्स्ट४ असायला हवा. दुसरं काही दिसलं तर मागे फिरा, तोपर्यंत डिस्कवर काही लिहिलेलं नसतं.

पेनड्राइव्हवरून बूट करताना मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. दुसरा घ्या. पहिला घेतलात तर लिनक्स जुन्या पद्धतीने बसतं, विंडोज नव्या, आणि मग चालू करताना एकाला दुसरं दिसत नाही.

बिघडलंच तर

विंडोजमधून लिनक्सचा भाग उडवला आणि मशीन ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब म्हणजे लिनक्सचा सुरुवातीचा मेनू) लिहून थांबलं: यूईएफआय असेल तर बूट मेनूतून (एफ१२ किंवा तुमच्या मशीनला जी कळ असेल ती) विंडोज बूट मॅनेजर निवडा, विंडोज उठेल. लेगसी असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’.

अपडेटनंतर लिनक्सचा मेनूच येत नाही, सरळ विंडोज येतं: बायोसमध्ये बूटचा क्रम बघा, नव्वद टक्के तिथेच असतं. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कोणी मोजलेला नाही.

चुकून भलताच भाग उडवला: त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका. नवा भाग करू नका, फॉरमॅट मारू नका, विंडोज पुन्हा टाकू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) टेस्टडिस्क हा उडालेले भाग शोधणारा प्रोग्रॅम चालवा. ॲनालाइझ, क्विक सर्च, आणि सापडलेल्या भागावर पी दाबून फायलींची नावं दिसतात का बघा. आपलीच नावं दिसली तरच राइट.

विंडोजमध्ये कधी ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी पाटी आली तर तो बहुतेक तुमचा लिनक्सचा भाग असतो, विंडोजला त्याची भाषा कळत नाही इतकंच. कॅन्सल.

मिंट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला दुकान उघडलं, विंडोज सुरू केलं, तर घड्याळात साडेपाच. पार्टिशनचंच काही बिनसलं म्हणून मी पुन्हा तो कागद काढून बसलो. पण लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर लावतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं, आणि आपल्याकडे दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं, विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा बरोबर केली, आणि पत्रिकेची वाट बघत बसलेल्या काकांना चहा मागवला.